झाकणासकट तपासणारा लोटन मिस्तरी

धुळ्यात सुरत रस्त्यावर लोटन मिस्तरीचं दुकान कुठं आहे असं विचारलं, की लोक आधी हसतात आणि मग पत्ता सांगतात. हसण्यासारखंच आहे ते. मालक म्हणतो, "हॉर्न वाजत नाही, नवा टाका." लोटन विचारतो, "जुना कशानं मेला?" मालकाला अंधाराआधी सेंधवा गाठायचं असतं आणि याला मेलेल्या हॉर्नचं सुतक पाळायचं असतं. गाड्यांची वायरिंग करण्यात त्याची तीस वर्षं गेली. छप्पन्नाव्या वर्षी चष्मा लागला, गुडघे कुरकुरायला लागले, पण दोष सापडल्याशिवाय पाना उचलायचा नाही हा हट्ट काही सुटला नाही. त्याची बायको उषा म्हणते, "भाजी खारट झाली तरी यांना आधी मिठाचा डबा तपासायचा असतो."

त्याचं लाडकं हत्यार म्हणजे टेस्टलॅम्प. एक बल्ब, दोन वायरी, बस. दुकानात संगणकासारखा स्कॅनरही आहे. तो त्याने जुना विकत घेतला आणि त्यावरची इंग्रजी अक्षरं तो चष्मा पुसत पुसत लावतो. पण स्कॅनर बोलला म्हणून लोटनला पटत नाही, बल्ब लागला की पटतं.

आणखी एक नियम तो येईल त्याला ऐकवतो. गाडी जशी रस्त्यावर चालते तशीच तपासायची. एका जीपचा दिवा बॉनेट उघडलं की लागायचा आणि बंद केलं की जायचा. चार मिस्तरींनी बॉनेट उघडून पाहिलं आणि चौघांनीही शपथेवर सांगितलं, की दिव्याला काही झालेलं नाही. लोटनने बॉनेट बंद ठेवून, खालून सरपटत जाऊन दबलेली वायर शोधली. तेव्हापासून हा नियम त्याने जगाला सांगितला, आणि ऐन वेळी स्वतःच विसरला.

झालं असं. दिवाळीला पंधरा दिवस होते. सोमवारी सकाळी दोंडाईच्याच्या प्रेमराजचा नवा ट्रक दुकानापुढे येऊन थांबला. मागचे दोन्ही दिवे फुटलेले, मागचा लोखंडी अँगल आत दबलेला. ट्रकमधून समाधान उतरला. हा पहूरचा, चौतीस-पस्तीस वर्षांचा, प्रेमराजच्या गाडीवर सहा वर्षं ड्रायव्हर. एरवी खाली उतरायच्या आधी चहा सांगणारा माणूस, आज खाली मान घालून उभा राहिला.

"मागचे दिवे करायचे सांगेल आहे शेठने," तो म्हणाला.

"पुढं काय झालं ते सांग," लोटन म्हणाला. मागचा दिवा फुटला तर त्याचं कारण पुढंच असणार, इतकं त्याला कळत होतं.

समाधानने सांगितलं. जळगावहून मका भरून येताना पारोळ्याच्या अलीकडे, भर दुपारी, रस्ता मोकळा असताना गाडीने आपणहून करकचून ब्रेक मारला. मागून येणारा पिकअप येऊन धडकला. पिकअपवाल्याचा, अभिमन त्याचं नाव, उजवा हात मोडला. या नव्या ट्रकच्या पुढच्या बंपरमध्ये रडार असतं. पुढे गाडी आली, माणूस आला, की ते आधी किंचाळतं आणि ड्रायव्हरने ऐकलं नाही तर स्वतः ब्रेक दाबतं. समाधानचं म्हणणं, की पुढे कोणी नसताना रडारने ब्रेक मारला. प्रेमराजने गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी बंपरवरचं झाकण काढून जुनं रडार तपासलं, शंका नको म्हणून नवं बसवलं, तेही तपासलं. दोन्ही ठणठणीत. गाडीत दोष नाही, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं.

"मंग राहिलं कोण? मीच," समाधान म्हणाला. "शेठने मार्केट यार्डाच्या हॉटेलात दहा ड्रायव्हरांपुढं सांगितलं, समाधानचा डोळा लागला, दचकून त्यानंच ब्रेक मारला. गुरुवारी किल्ली दुसऱ्याले देऊ रायले. किल्ली जाऊ द्या मिस्तरी. झोपणारा ड्रायव्हर म्हणून एकदा नाव पडलं की कोणी सायकलसुद्धा हाती देत नाही. बायको बोलत नाही मले. पहूरपर्यंत गेली ना गोष्ट."

लोटनने दिव्यांचं खोकं बाजूला सारलं आणि तो पुढच्या बंपरजवळ जाऊन बसला.

"मिस्तरी, शेठने फक्त मागचं सांगेल आहे."

"मागचं करूच. शेठला सांग, मिस्तरी म्हातारा झाला, त्याला चार दिवस लागतात."

बंपरच्या मधोमध वीतभर लांबीरुंदीचं काळं प्लास्टिकचं झाकण होतं आणि त्यामागे रडार. लोटनने झाकणाचे चार स्क्रू काढून ते टायरजवळ ठेवलं. रडारला वीज किती येते, अर्थिंग बरोबर आहे का, सॉकेटात पाणी शिरलं का, एकेक पिन त्याने तपासली. बल्ब लख्ख लागला. मग गवंड्याचा ओळंबा आणून रडारचा पत्रा सरळ बसलाय का ते पाहिलं, कारण रडारने खाली किंवा वर पाहिलं तर त्याला नसलेलं दिसायला लागतं. सरळ होता. टायरमधली हवा मोजली. बरोबर होती. स्कॅनर लावला, चष्मा पुसला, अक्षरं लावली. एकही तक्रार नव्हती.

दुपारी दोघांनी गाडी बाहेर काढली. झाकण दुकानातच राहिलं. पुन्हा उघडायचंच आहे तर लावा कशाला, असा विचार त्याने केला. जीपवाल्या चार मिस्तरींनी नेमका हाच केला होता. नव्या नवलाईची वस्तू हातात आली की भल्याभल्यांची अक्कल चरायला जाते. साठ किलोमीटर फिरले. रडार शहाण्या मुलासारखं गप्प होतं. पुढे गाडी आली की सांगायचं, गेली की थांबायचं.

संध्याकाळी दुकानापुढच्या बाकावर चहा पिताना समाधानने कप अर्धाच खाली ठेवला. मग म्हणाला, "मिस्तरी, आता मलेच वाटू रायलं. लागला असंल डोळा. आपल्याले थोडंच कळतं?"

हे वाक्य लोटनने आधी ऐकलं होतं, अगदी याच शब्दांत.

त्याचा थोरला भाऊ पुना. बोदवड तालुक्यातल्या त्यांच्या गावात एका व्यापाऱ्याची मॅटाडोर चालवायचा. एका तिन्हीसांजेला मॅटाडोर नाल्यात गेली आणि व्यापाऱ्याचा पुतण्या पायाने कायमचा अधू झाला. पुना सांगत होता, दिवे एकदम गेले, काही दिसलं नाही. गावात उभी केली तर दिवे लागत होते. पारावर बसलेल्यांनी निकाल दिला, की पुना झोपला. पहिला आठवडा पुना भांडला, दुसऱ्या आठवड्यात गप्प झाला आणि तिसऱ्या आठवड्यात एक दिवस जेवताना म्हणाला, "लागला असंल डोळा." मग तो सुरतेला निघून गेला, साड्यांच्या कारखान्यात लागला. छत्तीस वर्षं झाली, गावात पाऊल ठेवलं नाही. आईच्या दहाव्यालासुद्धा तो नदीवरूनच परत गेला. लोटन तेव्हा वीस वर्षांचा. सहा महिन्यांनी ती मॅटाडोर भंगारात निघाली तेव्हा त्याने डॅशबोर्डमागे हात घालून एक वायर ओढली. पत्र्याला घासून घासून तिचं प्लास्टिक गेलं होतं, तांबं उघडं पडलं होतं. खड्ड्यात गाडी आदळली की ती पत्र्याला चिकटायची आणि दिवे जायचे. ती वीतभर वायर घेऊन तो घरी आला आणि ती पत्र्याच्या डबीत ठेवून दिली. वायरिंगचा धंदा त्याने का धरला, असं कोणी विचारलं नाही, पण तो यासाठीच धरला होता.

"समाधान," लोटन म्हणाला, "पुन्हा असं बोललास तर दिवे फुटके घेऊन परत जा. तू झोपला होतास का?"

"नाही."

"मग नाहीच म्हणायचं. दोष सापडो न सापडो."

मंगळवारी त्याने अख्खी वायरिंग पुढून मागपर्यंत चाचपली. काही नाही. बुधवारी मागचे दिवे बसवले, कारण आता गाडी परत द्यायची होती. समाधानने दुकानात पडलेलं झाकण पुसून जागच्या जागी लावलं, चार स्क्रू आवळले. लोटन म्हणाला, "मीही येतो दोंडाईच्याला. परतीला एसटी आहेच." खरं म्हणजे प्रेमराजशी दोन शब्द बोलायचे होते, पण हातात पुरावा नसताना काय बोलणार हे त्याला ठाऊक नव्हतं. टेस्टलॅम्पची पिशवी त्याने सवयीने बरोबर घेतली.

चिमठाण्याच्या अलीकडे रस्ता डावीकडे वळतो. वळणावर लोखंडी कठडा आहे. गाडी चाळीसच्या वेगात होती. पुढे रस्ता रिकामा, लांबवर एक बैलगाडी, तीही शेतात उतरलेली. आणि एकदम डॅशबोर्डवर लाल चित्र उमटलं, घंटी किंचाळली आणि गाडीने ब्रेक मारला. लोटनचं डोकं समोरच्या काचेला लागता लागता राहिलं.

समाधान पांढराफटक पडला. "मिस्तरी, मी नाही दाबला! देवाशप्पथ, पाय बघा माझा!"

लोटन त्याच्या पायाकडे बघत नव्हता. तो हसत होता. छप्पन्न वर्षांचा माणूस कपाळ चोळत खदाखदा हसत होता. "बघितला, बघितला! जागा आहेस तू. आणि मीही जागा आहे, साक्षीला."

गाडी कडेला घेतली. लोटन खाली उतरून बंपरपुढे उकिडवा बसला. सोमवारी साठ किलोमीटर गप्प बसलेलं रडार आज का ओरडलं? सोमवारपासून बदललं काय? दिवे तर मागचे. आणि मग त्याची नजर चार स्क्रूंवर गेली. त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला, तोही नेमका दुखऱ्या जागी.

"अरे, आपण याला उघडंच तपासलं! सेंटरवाल्यांनी उघडं तपासलं, मी उघडं तपासलं. आणि गाडी चालते झाकण लावून."

झाकण काढलं. मागे कोणी येत नाही ना ते आरशात पाहून त्याच वळणावरून पुन्हा गेले. रडार गप्प. झाकण लावलं. घंटी किंचाळली. काढलं. गप्प. पुन्हा लावलं. किंचाळली. वळणाजवळच्या चहाच्या टपरीवर बसलेला एक म्हातारा या ट्रकची परेड बघून म्हणाला, "काय हरपनं व्हई का भाऊ?"

"सापडनं, आबा!" लोटन ओरडला.

टपरीच्या बाकावर झाकण ठेवून त्याने ते उन्हात आडवंतिडवं करून पाहिलं. काळं, गुळगुळीत, दिसायला काहीच नाही. मग त्याने डोळे मिटून बोट फिरवलं. मधोमध बारीकशी कड लागली, कागदाच्या काठाएवढी. नखाने खरवडलं. काळ्या रंगाचा पापुद्रा निघाला, त्याखाली लाल रंग आणि त्याखाली चकाकणारं काहीतरी. चार बोटांवर दुसऱ्या ठिकाणी खरवडलं, तिथंही तेच. ट्रकच्या बॅटरीवरून एक वायर त्याने एका चकाकत्या ठिपक्याला टेकवली, टेस्टलॅम्पचं एक टोक दुसऱ्या ठिपक्याला आणि दुसरं गाडीच्या पत्र्याला. बल्ब लागला.

"प्लास्टिकातून वीज जाते का रे समाधान?"

"नाही जात."

"मग ही कशातून गेली? आत धातू आहे. पातळ पत्रा." त्याने समाधानला समजावलं. पोरं आरशाचा तुकडा घेऊन उन्हाचा कवडसा दुसऱ्याच्या भिंतीवर पाडतात, तसंच हे. रडारचा किरण सरळ जायच्या ऐवजी या पत्र्यावरून वाकडा जातो. कडेचा कठडा त्याला समोर आल्यासारखा दिसतो आणि ते बिचारं इमानदारीने ब्रेक मारतं. पारोळ्याच्या अलीकडेही कडेला कठडा होता का?

समाधानने मान हलवली. मग तो बाकावर बसला आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडला. लोटनने त्याला रडू दिलं आणि दोन चहा सांगितले.

दोंडाईच्याला प्रेमराजचं घर आणि गाडी लावायचं अंगण एकच. प्रेमराज बाहेर आला, नवे दिवे पाहिले, समाधानकडे बघायचं टाळून म्हणाला, "किल्ली तिथं खुंटीला लाव." समाधानने लावली.

लोटनने झाकण त्याच्यापुढे धरलं. "प्रेमराजभाऊ, हे झाकण कोणी रंगवलं?"

प्रेमराजने एकदा घराच्या दाराकडे पाहिलं. "का?"

"ब्रेक याने मारला. तुमच्यासमोर बल्ब लावून दाखवतो."

बल्ब पुन्हा लागला. प्रेमराज ओट्यावर बसला. मग हळू आवाजात सांगू लागला. त्यांची शेवटची बैलजोडी दोन वर्षांपूर्वी विकली. यंदा पोळ्याला आई म्हणाली, दारात बैल नाहीत तर आता हा ट्रकच आपला बैल, त्याला सजवायचं. त्याने हसून हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी नाशिकचे व्यापारी येणार होते. त्यांनी ट्रकच्या तोंडावर लाल रंग आणि चमकी पाहिली तर खेडवळ म्हणतील, म्हणून त्याने सकाळीच पेंटरला बोलावून वरून काळा रंग मारून घेतला. आईला सांगितलं, पावसाने धुऊन गेलं. आणि मग तो स्वतःही ते विसरून गेला.

दारातून झुंबरबाई बाहेर आली. सत्तरी पार केलेली, पण कान शाबूत. "बेगड मीच लाई," ती म्हणाली. "बैलना शिंगले लाल हिंगूळ लाईसन वर बेगड लावतस, तशीच. तठे सपाट जागा दिखनी. माले वाटनं, हाईच त्यानं कपाय शे." तिने झाकणावरची चमकी बोटाने चाचपली. "मनामुये त्या पोऱ्याना हात मोडना?"

"नही माय," लोटन म्हणाला. "तुमनी बेगड दिखती ते पहिलाच दिन सापडती. झाकी म्हनीसन घोळ जया."

प्रेमराजने हे ऐकलं आणि मान खाली घातली. त्याने खुंटीवरून किल्ली काढली आणि समाधानपुढे धरली. समाधानचा हात पुढे जाणार, तेवढ्यात लोटनने तो धरला.

"किल्ली नंतर. प्रेमराजभाऊ, तुम्ही याला कुठं झोपवला?"

"म्हणजे?"

"यार्डाच्या हॉटेलात, दहा जणांपुढं. मग तिथंच उठवा. इथं अंगणात नाही चालायचं. जिथं बोललात तिथं बोला."

"कळेल की हळूहळू सगळ्यांना. मी फोनवर सांगतो एकेकाला."

"माणूस झोपला हे एका दिवसात पहूरला पोचलं. जागा होता हे हळूहळू का?"

प्रेमराजला राग आला होता, ते दिसत होतं. गाड्यांचा मालक, चार लोकांत ऊठबस, त्याने हॉटेलात जाऊन काय सांगायचं, आईच्या पोळ्याची लाज वाटली म्हणून? पण झुंबरबाईने पदर खोचला, चपला घातल्या आणि झाकण काखेत घेतलं. "चाल. तुले बोलता नही उनं ते मी सांगसू."

मग प्रेमराजला जावंच लागलं. हॉटेलात मका घेऊन आलेले ड्रायव्हर बसले होते. प्रेमराज उभा राहिला, दोनदा खाकरला आणि म्हणाला, की समाधान झोपला नव्हता. मी चुकीचं बोललो. गाडीने ब्रेक मारला, आणि का मारला तेही सांगतो. सगळं सांगितलं, रंगासकट. अभिमनच्या घरी जाऊनही हेच सांगणार आहे, म्हणाला. कोणी हसलं नाही. एक पिकल्या मिशांचा ड्रायव्हर उठला, समाधानच्या पाठीवर थाप मारून त्याच्यासाठी चहा सांगितला, आणि समाधानने आठवड्यात पहिल्यांदा मान वर करून माणसांकडे पाहिलं. किल्ली त्याने तिथंच, सगळ्यांपुढं घेतली.

बाहेर आल्यावर लोटनने समाधानला सगळं नीट बजावलं. नवं झाकण येईपर्यंत रडार उघडंच चालव, चिखल उडाला की पूस, आणि नव्या झाकणाला रंगाचा थेंब लावायचा नाही. झुंबरबाई ऐकत होती. "मंग पुढला पोयाले बेगड कोठे लावू?" तिने विचारलं. लोटनने खडूने ट्रकच्या काचेच्या वर, पत्र्यावर मोठा चौकोन काढून दिला. ती खुशीत त्या चौकोनाकडे बघत राहिली.

समाधान लोटनला एसटी स्टँडवर सोडायला निघाला. वाटेत लोटनने पुनाची गोष्ट सांगितली. त्याने ती फारशी कोणाला सांगितलेली नव्हती. डबीतल्या वायरीपर्यंत येऊन तो थांबला.

"मंग पारावर सांगितलं कोणी?" समाधानने विचारलं.

"काय?"

"वायर सापडली ते. तुम्ही सांगितलं ना?"

लोटनने नकारार्थी मान हलवली. सांगितलं नव्हतं. वीस वर्षांचा पोरगा, समोर व्यापारी, पारावर सगळे मोठे. वायर घरी आणली, आईला दाखवली, डबीत ठेवली. पुढे मोठा झाला, मिस्तरी झाला, शेकडो गाड्यांचे दोष काढले, मालकांना तोंडावर सुनावलं. त्या पारावर मात्र कधी उभा राहिला नाही. पुनाला फोनवर एकदा सांगितलं होतं, पुना म्हणाला, "जाऊ दे आता," आणि यानेही जाऊ दिलं. लोटनला स्वतःची लाज वाटली. तासाभरापूर्वी प्रेमराजला किती रुबाबात सुनावलं होतं.

"स्टँड नको," तो म्हणाला. "स्टेशनवर सोड."

दोंडाईचा स्टेशनच्या बाकावर बसून त्याने सुरतेला फोन लावला. पलीकडे मागच्या यंत्रांचा खडखडाट ऐकू येत होता.

"दादा, रविवारी सुरतहून गाडीत बस. मी वाटेत दोंडाईच्याला चढतो, भुसावळला बदलू, बोदवडला उतरू."

"कशाला? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. पारावर जायचंय. तुझी वायर माझ्याजवळ आहे, टेस्टलॅम्पही आणतो."

"अरे, ती म्हातारी माणसं आता मेली असतील सगळी," पुना म्हणाला.

"दोघं-तिघं आहेत. आणि बाकीच्यांची पोरं आहेत. त्यांना काय सांगून गेले असतील, माहीत आहे ना?"

पलीकडचं एक यंत्र बंद झालं. पुनाने विचारलं, "सकाळची गाडी का दुपारची?"

"सकाळची," लोटन म्हणाला आणि रविवारचं तिकीट काढायला खिडकीकडे गेला.